गाडीमागची ओसरी

अमेरिकेतल्या ‘टॉय हॉलर’ या प्रवासी गाडीत पुढे राहण्याची खोली आणि मागे मोटारसायकली ठेवण्याचा गाळा असतो. गाळ्याच्या दाराची बिजागरी तळाशी असते. दार वरून सोडले की जमिनीला टेकते आणि मोटारसायकल चढवण्याचा उतार तयार होतो. टेक्ससमध्ये आम्ही दोघा भावांनी अशी एक जुनी गाडी घेतली, तेव्हा मोटारसायकल आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. गुडघ्यांमुळे आईला गाडीच्या अरुंद पायऱ्या उतरवत नसत, आणि मुक्कामी पोहोचूनही ती खिडकीशीच बसून राही. ते दार गाडीच्या फरशीच्या पातळीत आडवे थांबवले तर तिला ओसरी मिळेल, एवढाच आमचा विचार होता.

दार साधारण आठ फूट रुंद आणि सात फूट उंच. पाचसहा खुर्च्या सहज मावाव्यात. नव्या गाड्यांपैकी काहींना ही सोय कारखान्यातूनच मिळते. जुन्या गाडीला ती आपली आपण करावी लागते. दोन्ही बाजूंना पोलादी तारांचे दोर लावावयाचे, वरचे टोक गाडीच्या चौकटीत आणि खालचे दाराच्या बाहेरच्या कोपऱ्यात.

येथेच मी चुकलो. वरची कडी मी हाताला सोयीची म्हणून चौकटीच्या मध्यावर, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यामागचे लाकूड यांत बसवली. पहिल्याच संध्याकाळी दादा, वहिनी आणि मुले कडेला उभी राहिली, तोच कर्रकन आवाज झाला आणि उजवी कडी बोटभर बाहेर आली. आई दारात होती; पुढचे पाऊल ती ओसरीवरच टाकणार होती. कोणाला इजा झाली नाही, परंतु त्या रात्री कोणी नीट जेवले नाही.

जो हिशेब आधी मांडावयाचा, तो दादांनी दुसऱ्या दिवशी वहीत मांडला. सहा माणसे, सरासरी 75 किलो, म्हणजे 450 किलो. भार सर्वत्र सारखा पसरला तर निम्मा बिजागरी पेलते. परंतु माणसे स्वभावतःच कठड्याशी जाऊन उभी राहतात. मग जवळजवळ सगळा भार दोन दोरांवर, प्रत्येकी 225 किलो. दोर तिरपा असल्याने ताण त्याहून वाढतो. कडी चौकटीच्या माथ्याशी असेल तर दोर 45 अंशांत येतो आणि ताण सुमारे 318 किलो होतो. माझ्या सोयीच्या जागी तो 500 च्या वर जात होता. दाराचे स्वतःचे वजन निराळेच.

आता कड्या माथ्याजवळच्या पोलादी खांबांना जोडल्या आहेत आणि बाहेरच्या दोन्ही कोपऱ्यांखाली उंची जुळवता येणारे पाय आहेत. ओढणाऱ्या वाहनापासून सुटलेल्या गाडीच्या मागे भार आला की पुढचा भाग उचलला जाऊ शकतो, म्हणून चाकांना उटी आणि मागचे आधार खाली, हे आधी, ओसरी नंतर. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूस किंचित उतार ठेवला. जमिनीवर मी जड लाकडी पट्ट्या घालणार होतो, तो बेत सोडला, कारण दार उचलणाऱ्या स्प्रिंगा त्याच्या मूळ वजनाला जुळवलेल्या असतात. कठड्याला घराच्या गच्चीचा तेथील नियम लावला: उंची 36 इंच आणि गजांमधली फट चार इंचांहून कमी.

आई आता संध्याकाळी तेथे बसते. पहिल्या दिवशी मात्र तिने आधी आम्हा दोघांना कडेला उभे केले आणि मगच पाऊल टाकले.