शरीरातली कणगी

भात बंद केला, पोळी सोडली आणि आठवड्यात दोन किलो उतरले, असं सांगणारं कुणीतरी आपल्या ओळखीत असतंच. वजन उतरतं, ते खरं आहे. पण नेमकं काय उतरलं हे कळलं, तर पुढची निराशा टळते.

भात, पोळी, पोहे, साबुदाणा यांतल्या पिठूळ भागाची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. लगेच लागणार नाही तेवढी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. या साठ्याच्या दोन कणग्या आहेत. यकृतातल्या कणगीत साधारण १०० ग्रॅम मावतं, स्नायूंमधल्या कणगीत साधारण ४००. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. म्हणजे ५०० ग्रॅम साठा आणि त्याचं दीड लिटर पाणी, मिळून दोन किलो. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे. एखाद्या लग्नात पोटभर जेवलं की ते परतही येतं. चरबी हळूहळूच उतरते.

यकृतातली साखर गरजेप्रमाणे रक्तात सोडली जाते. स्नायूंचा साठा मात्र स्नायूंनीच वापरायचा असतो, तो रक्तात परत येत नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची ही मोठी कणगी भरलेलीच राहते. मग पुढच्या जेवणातली साखर रक्तात रेंगाळते आणि जास्तीचं अन्न चरबीत जमा होतं. चालणं, जिना चढणं, जोर-बैठका यांनी कणगीत जागा होते. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची चढण बोथट होते. व्यायामाचा हा गुण एक-दोन दिवस टिकतो. म्हणूनच रविवारी एकदम दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोजचा अर्धा तास मोलाचा.

नुसतं खाणं तोडलं आणि हालचाल केली नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणजे कणगीच लहान होते. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका किंवा वजनं हवीत, ती यासाठी.

आता ताट. आपल्या नेहमीच्या ताटात तीन पोळ्या, त्यावर भाताची मूद, चमचाभर भाजी आणि पातळ वरण असतं. त्यात दीड पोळी ठेवा किंवा एक ज्वारीची भाकरी. भात नको, किंवा पोळीऐवजी थोडा भात. भाजी दोन वाट्या, मटकीची घट्ट उसळ किंवा पिठलं, नाहीतर अंडी, मासे. सोबत ताक. चहातली साखर आणि बिस्किटं मात्र सगळ्यांत आधी जायला हवीत. उपासाच्या साबुदाण्याबद्दल बजावून सांगावंसं वाटतं, कारण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नावालाच. आणि पोळी गेली म्हणून तुपाची धार सैल सोडू नका. एक ग्रॅम पिष्टात चार उष्मांक असतात, एक ग्रॅम तुपात नऊ.

धान्य पूर्ण बंद करण्यापेक्षा निम्मं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदम सगळं तोडलं की पाण्याबरोबर मीठही शरीराबाहेर जातं. डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, तंतू कमी पडून पोट साफ होत नाही. जोराचा व्यायाम करायचा तर स्नायूंना ग्लायकोजेन लागतंच. निम्म्यावर आणलेलं जेवण घरच्यांबरोबर बसून वर्षानुवर्षं जेवता येतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच ठेवून जेवण कमी केलं आणि चालणं वाढवलं, तर साखर धोका होईल इतकी उतरू शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं, ही साखर उतरल्याची लक्षणं. काही गोळ्यांबरोबर पिष्ट फार कमी केलं तर रक्तात आम्ल वाढण्याचाही धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आपल्या मनाने काही करू नका. ताट बदलण्याआधी औषधांची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जाऊन या.