वसई पडल्याची तारीख आणि गोव्याचे दफ्तर

वसईचा पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांच्या चिमाजी अप्पांच्या हवाली करण्याच्या अटींवर सह्या झाल्या त्या मे 1739 मध्ये. तारीख मात्र एका पुस्तकात 5 मे सापडते, दुसऱ्यात 16 मे, आणि दोन्ही बरोबर असतात. पोर्तुगालने सुधारलेले ग्रेगोरियन पंचांग 1582 मध्येच घेतले होते. मुंबईकर इंग्रज 1752 पर्यंत जुन्या ज्यूलियन पंचांगाला धरून होते, आणि अठराव्या शतकात दोहोंत 11 दिवसांचे अंतर पडत होते. मराठी कागदावर इसवी सन नसतोच. तिथे शुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र, नाहीतर शक आणि तिथी. जंत्री उघडून तो हिशेब बसवायचा, आणि बसवल्यावर तो जुन्या पंचांगाचा की नव्या, हे लिहून ठेवायचे. हे लिहायला विसरलेल्या टिपणांनी पुढच्या लोकांना फार छळले आहे.

तारीख जुळली की प्रश्न येतो तो कागद कुठल्या टप्प्यावरचा आहे याचा. साताऱ्याहून किंवा पुण्याहून गोव्याला मोडीतले पत्र आले, की ते आधी सरकारी दुभाषाकडे जाई. हे काम बहुधा शेणवी घराण्यांतल्या माणसांकडे असे. व्हाइसरॉय वाचणार तो या दुभाषाने केलेला पोर्तुगीज तर्जुमा. उत्तराची नक्कल शेजारी राजांच्या पत्रव्यवहाराच्या वहीत चढे. मामला गंभीर असेल तर व्हाइसरॉयचे राज्य-मंडळ बसे आणि कोण काय म्हणाले याची नोंद होई. शेवटी सगळा वृत्तांत लिस्बनला राजाकडे रवाना होई. जहाज बुडण्याची धास्ती म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांवर चढवत. वाऱ्यांच्या हिशेबाने जहाजे हिवाळ्यात गोवा सोडत आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास लिस्बनला लागत. तिथले उत्तर त्यापुढच्या वसंतात निघे. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत दीड वर्षाहून जास्त काळ जाई. या पत्रव्यवहाराचे बांधीव खंड मोसमाची पुस्तके म्हणून ओळखले जातात. त्यांतले 62 खंड अठराव्या शतकात पोर्तुगालला नेले गेले, बाकीची मालिका पणजीच्या पुराभिलेखागारात आहे.

इतके कळले की वाचण्याची रीत बदलते. राजाला लिहिलेल्या पत्रात व्हाइसरॉय आपली बाजू सावरत असतो. मुलूख गेला असेल तर तो का गेला, आणि त्यात आपला दोष कसा नाही, हे त्याला पटवायचे असते. राज्य-मंडळाच्या नोंदीत तीच माणसे तिजोरीत पैसे नाहीत, शिपाई नाहीत, दारूगोळा पुरणार नाही, असे एकमेकांना सांगताना भेटतात. माझा भरवसा पत्रापेक्षा या नोंदींवर जास्त आहे.

वसईचेच पाहा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून वेढ्याची हकिकत मिळते: मोर्चे, सुरुंग, माणसांची हानी. पण गोव्याहून भरीव कुमक का आली नाही, हे तिथून नीट उमगत नाही. 1739 च्या जानेवारीत मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत उतरले होते. मडगाव गेले होते, राशोलच्या किल्ल्याला वेढा पडला होता आणि राजधानीलाच आपली काळजी होती. इथे आणखी एक खड्डा आहे. साष्टी दोन: एक ठाण्याची, जी मराठ्यांनी 1737 मध्येच घेतली, आणि दुसरी गोव्याची. पोर्तुगीज कागदांत दोन्हींचे नाव तेच. शेजारचे गाव कोणते, किल्ला कोणता, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरी बाजू मुंबईकरांची. वसई पडल्यावर दोनेक महिन्यांत, जुलैमध्ये, कॅप्टन इंचबर्डने चिमाजी अप्पांशी तह केला, आणि 1740 मध्ये पोर्तुगीज-मराठे तहाच्या मध्यस्थीतही तोच होता. शेजाऱ्याचे घर पडताना इंग्रज काय मोजत होते, ते त्यांच्या दफ्तरात पाहावे.

या सगळ्या बाजूंचे कागद एकत्र लावण्याचे काम पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (1894–1969) यांनी केले. अनेक वर्षे ते पणजीच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख होते, आणि पोर्तुगीज कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले मराठी नाव ओळखण्याइतकी मराठी त्यांच्या घरचीच होती. राज्य-मंडळाच्या 1618 ते 1750 पर्यंतच्या नोंदी त्यांनी पाच खंडांत, 1953 ते 1957 या काळात छापल्या. मराठी वाचकाला सर्वांत सोयीचे त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे 1967 चे पुस्तक. पण मला त्यांचा 1952 चा, पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवरचा ग्रंथ अधिक मोलाचा वाटतो. रामोजी शेणवी कोठारी यांच्यासारखी माणसे त्यात पुढे येतात. 1667 मध्ये शिवाजी महाराजांच्या बारदेशच्या स्वारीनंतर तहाची बोलणी झाली, त्यांत हे कोठारी होते. मोठ्या इतिहासांत अशांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

छापील पाठाचा आणखी एक उपयोग आहे. जुनी शाई लोखंडाच्या क्षारापासून केलेली असे. दमट हवेत ती कागद खात जाते, मागच्या बाजूची अक्षरे पुढे उमटतात, शेवटी ओळीच्या जागी भोके उरतात. पिसुर्लेकरांच्या काळी उतरवून घेतलेला मजकूर मूळ पानावर आज तितकाच वाचता येईल, याची खात्री नाही. तरी शक्य असेल तेव्हा मूळ पान मागवावेच. पुस्तकातल्या तळटीपेत खंडाचा आणि पानाचा क्रमांक दिलेला असतो. तो पृष्ठाचा नसून सबंध पानाचा असतो, म्हणजे पुढची आणि मागची बाजू मिळून एकच आकडा. मागच्या बाजूसाठी आकड्यापुढे एक छोटे अक्षर जोडतात. हवे ते पत्र समोरच्या बाजूला दिसले नाही, तर खंड परत करण्याआधी पान उलटून पाहावे.