डोस दुप्पट केला, तरी पांढरी माशी का मरत नाही?

वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) परिसरात थोडं बाहेर पडलं की कापसाची शेतं लागतात. पानाखाली पांढरी माशी दिसली की फवारणी ठरलेली. मेली नाही, तर पुढच्या पंपात एक झाकण औषध जास्त. गडबड इथेच होते.

(पांढरी माशी खरं तर माशी नाहीच. ती मावा, तुडतुड्यांसारखी रस शोषणारी कीड आहे. पण पुढचं गणित घरमाशीलाही लागू आहे.)

औषध किती जहाल, हे मोजताना शास्त्रज्ञ वेगवेगळ्या डोसला किती किडे मरतात ते पाहतात. ज्या डोसला निम्मे मरतात, तो 'एलडी-५०'. निम्मे मारायला आधीपेक्षा दहापट औषध लागू लागलं, तर प्रतिकार दहापट झाला.

पण मधला काळ जास्त फसवा असतो. समजा, शेतातल्या १०० माश्यांपैकी ७० कमजोर आणि ३० चिवट आहेत. नेहमीच्या डोसला ७० मरतात. डोस दुप्पट केला, तर कदाचित ७२. म्हणजे खर्च दुप्पट, फरक दोन माश्यांचा! उरलेल्या चिवट माश्याच पुढची पिढी वाढवतात.

माशीला औषधाची 'सवय' होते, असं आपण म्हणतो. तसं नसतं. काही माश्यांच्या शरीरातली विकरं विष फोडून टाकतात, तर काहींच्या मज्जातंतूंत विष जिथे पकड घेतं ती जागाच बदललेली असते. हे गुण जन्मजात असतात. फवारणी फक्त अशा माश्या निवडून मागे ठेवते.

हे नवीनही नाही. डीडीटी कीटक मारतं हे शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधीच स्वीडन आणि इटलीतल्या घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या.

आता मुख्य मुद्दा. माशीची सहनशक्ती वाढते, फवारणाऱ्याची वाढत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्यामागे कारणं अनेक होती. पण वाढवलेलं प्रत्येक झाकण त्याच माणसाच्या कातडीवर आणि श्वासात जातं.

म्हणून औषध चाललं नाही तर डोस वाढवू नका, औषधाचा गट बदला. कृषी केंद्रात डब्यावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरातला घटक वाचा. नाव वेगळं आणि घटक तोच असेल, तर माशीसाठी ते जुनंच औषध आहे. घटक वेगळा असला तरी तो किडीवर त्याच पद्धतीने काम करतो का, हे कृषी सहायकाला विचारून घ्या.