हेल्मेटचा पट्टा आणि संकष्टीचा उपास

संकष्टीला यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला जाणाऱ्या दुचाकींकडे जरा निरखून पाहा. चालवणाऱ्याच्या पोटात सकाळपासून अन्न नसते. चंद्र उगवेपर्यंत उपास मोडायचा नाही, हा नेम तपासायला कोणी येत नाही, तरी तो पाळला जातो. त्याच माणसाचे हेल्मेट मात्र आरशाला लटकलेले असते आणि पोलीस दिसले की डोक्यावर चढते. आपण आज्ञा कुठे मनापासून पाळतो आणि कुठे नुसती दाखवतो, हे रस्ता बिनचूक सांगतो.

पट्टा न लावलेले हेल्मेट

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट नुसते ठेवून चालत नाही, ते पट्ट्याने घट्ट बसवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या नियमभंगाला १,००० रुपये दंड आणि ३ महिने परवान्याची अपात्रता आहे. पट्टा हनुवटीखाली लोंबत असेल तर गाडी घसरताच हेल्मेट आधी उडून जाते आणि डोके उघडे पडते. अर्ध्या मनाचा नेमही असाच ऐनवेळी निसटतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण अशाच पाळण्यासाठी आहे.

चढणाऱ्याला आधी वाट

पैनगंगा ओलांडून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना घाट लागतो. समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि रस्ता अरुंद असला, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असे २०१७ च्या वाहनचालन नियमांत आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणे अवघड जाते. म्हणून उतरणाऱ्याने आपली घाई बाजूला ठेवायची. धर्मातल्या आज्ञाही पुष्कळदा एवढेच मागतात: ज्याच्यावर भार जास्त, त्याला आधी जाऊ द्या.

‘एवढ्यापुरतं’ चालतं

पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दुभाजकाचा कट पुढे असतो आणि पेट्रोलपंप मागे राहतो. मग ‘एवढ्यापुरतं’ म्हणत गाडी उलट्या बाजूने घातली जाते. समोरून ८० च्या वेगाने येणाऱ्या ट्रकवाल्याला हे ‘एवढ्यापुरतं’ ठाऊक नसते. नेमाला एकदा सवलत दिली की दुसऱ्या वेळी ती मागावी लागत नाही, हात आपोआप तिकडेच वळतो.

अंधारातला डिप्पर

रात्री आर्णी रस्त्याने येताना समोरच्यासाठी दिवा खाली करायला कोणी सांगत नाही. ना कॅमेरा, ना पावती. समोर कापसाची बैलगाडी असेल, तर गाडीवानाला आपला चेहरा दिसत नाही, आभार मानायलाही तो थांबत नाही. तरी बोट बटणाकडे जाते. इथे दंडाची भीती नाही, कौतुकाची आशाही नाही. मनोभावे पाळणे याहून वेगळे नसते.

थांबायची वेळ

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे महानिर्वाण १९६८ साली झाले. त्यांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीला लाखो भाविक मौन पाळून जागच्या जागी उभे राहतात. तिथे लाल दिवा लागत नाही. ज्याला हे थांबणे जमले, त्याला रिकाम्या चौकातल्या सिग्नलला थांबणे जड जाऊ नये.

पुढच्या संकष्टीला गाडीला हार घाला, लिंबू-मिरचीही बांधा. पण आधी हेल्मेटचा पट्टा लावा, आणि चंद्रोदयानंतर उपास सोडायला घरी पोहोचा.