उभा धागा, तिरपा धागा आणि विमानाचा पंख

विमान आकाशात असते तेव्हा त्याचा सगळा भार पंखांवर असतो. तो भार पंखाच्या आत नेमके कोण पेलते, हे मात्र खिडकीतून दिसत नाही. बाहेरून गुळगुळीत आवरण दिसते. आत, पंखाच्या बुडापासून टोकापर्यंत, तुळया गेलेल्या असतात. त्यांना स्पार म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखात एक पुढे आणि एक मागे असे निदान दोन स्पार असतात. बोईंग 787 चे उड्डाणाचे वजन सव्वादोनशे टनांच्या पुढे जाऊ शकते. एवढे वजन स्पार आणि त्याला जोडलेले आवरण मिळून उचलतात.

ही तुळई कशाची करायची, याचा शतकाहून मोठा इतिहास भिवंडीतल्या नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत आवर्जून सांगावा असा आहे. कारण त्या इतिहासाचे आजचे पान विणकराला चटकन कळेल असे आहे.

जोर कुठे येतो?

उड्डाणात पंख वरच्या बाजूला वाकतो. त्यामुळे स्पारची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधली उभी भिंत कातरली जाऊ पाहते. म्हणून वर-खाली जाड पट्टे आणि मध्ये पातळ भिंत, असा लोखंडी गर्डरसारखा छेद स्पारला देतात. जिथे जोर जास्त तिथेच माल जास्त. विमानात फुकटचे वजन कुणालाच परवडत नाही.

लाकूड

राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचे स्पार स्प्रूसचे होते. पुढे पहिल्या महायुद्धात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिटका स्प्रूसला मोठी मागणी आली. हे लाकूड पाण्याच्या निम्म्याहून हलके, आणि त्याचे तंतू लांब व सरळ. स्पारसाठी फळी निवडताना तंतूचा तिरपेपणा मोजतात. पंधरा इंच लांबीत एक इंचापेक्षा जास्त कल दिसला, तर फळी बाद.

लाकडाचा शत्रू म्हणजे ओल. 31 मार्च 1931 रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यात फॉकर एफ-10 विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला आणि आठही जण दगावले. आत शिरलेल्या दमटपणाने डिंकाचे जोड सुटले होते. त्यानंतर तिथल्या प्रवासी विमानांतून लाकडी पंख झपाट्याने गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लाकडी मॉस्किटो विमान यशस्वी करून दाखवले खरे, पण 1944 मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर त्याचेही पंख निकामी झाल्याच्या घटना घडल्या आणि जोडांची कसून तपासणी करावी लागली.

धातू

जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना 1906 मध्ये आढळले, की सुमारे चार टक्के तांबे मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केले, तर पुढचे काही दिवस ते आपोआप कठीण होत जाते. यातून ड्युरल्युमिन आले. जपानच्या सुमितोमो कंपनीने 1930 च्या दशकात जस्त घालून आणखी बळकट मिश्रधातू तयार केला आणि तो झिरो या लढाऊ विमानाच्या स्पारमध्ये वापरला गेला. ब्रिटिश स्पिटफायरची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. तिच्या स्पारच्या पट्ट्यांत चौकोनी नळ्या एकात एक बसवलेल्या असत. बुडाशी नळ्या जास्त, टोकाकडे जाता जाता कमी. जोर जसा घटे, तसा धातूही घटे.

धातूला तंतूची दिशा सांभाळावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय. पण हजारो उड्डाणांत पुन्हा पुन्हा वाकून धातू थकतो आणि बारीक चीर वाढत जाते. म्हणून ताण सोसणाऱ्या खालच्या बाजूला चीर सावकाश वाढू देणारा, तांबे मिसळलेला 2024 क्रमांकाचा मिश्रधातू आणि दाब सोसणाऱ्या वरच्या बाजूला जस्त मिसळलेला 7075 क्रमांकाचा, अशी वाटणी रूढ झाली.

पुन्हा तंतू

आज कार्बन तंतूचे दिवस आहेत. एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा. असे हजारो तंतू एकत्र केले की एक धागा. तो मागावर विणता येतो. कापडात राळ भरून, थरावर थर रचून, सुमारे 180 अंश तापमानाला दाबाखाली भाजले की तुळई तयार होते. बोईंग 787 च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग अशा साहित्याचा आहे.

साध्या ग्रे कापडाचा तुकडा दोन्ही हातांत धरून ताण्याच्या दिशेने ओढा. तो फारसा ढळत नाही. आता कोपऱ्यांना धरून तिरपा ओढा. लगेच लांबतो, चौकटी चपट्या होतात. कातरणारा जोर नेमकी अशीच विकृती घडवतो, आणि तो झेलायचा तर धागेच तिरपे हवेत. म्हणून स्पारच्या मधल्या भिंतीत धागे 45 अंशांवर, दोन्हीकडे तिरपे घालतात. वरच्या-खालच्या पट्ट्यांत उलट बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने, न विणता सरळ ठेवतात. कारण विणीत धागा दुसऱ्या धाग्यावरून वळतो, आणि वळलेला धागा दाबाखाली लवकर हार खातो.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोईंग 787 च्या प्रवासी मजल्याखालच्या कार्बन तुळया तयार झाल्या आहेत. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मिग आणि सुखोई बांधली, आणि 2025 मध्ये तेथे तेजस मार्क-1ए ची जुळणी सुरू झाली. तेजसच्या पंखांत आवरणासोबत स्पारही कार्बनचे आहेत.

मग भिवंडीचे काय? आपल्याकडचे बहुतेक माग साध्या कापडाचे आहेत आणि विमानाचे कापड त्यांच्यावर उद्या निघणार नाही. तिथे एक धागा सुटला तरी चालत नाही, प्रत्येक रिळाची नोंद लागते, धूळ चालत नाही. पण केंद्र सरकारचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मिशन 2020 मध्ये 1,480 कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाले. माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि इचलकरंजीचे डीकेटीई इथे वस्त्रतंत्र शिकवले जाते. सुरुवात काचतंतूच्या कापडापासून करता येईल; नळ्या, टाक्या, बोटी यांना ते लागते. धाग्याची दिशा आणि ताण ही विणकराची जन्माची विद्या आहे. मोजणी, नोंद आणि तपासणी ही शिकवता येणारी शिस्त आहे. तिची प्रयोगशाळा आणि तिचे वर्ग भिवंडीतच, मागांच्या शेजारी उभे राहिले पाहिजेत.