रंग गेला पाहिजे, प्रकाश राहिला पाहिजे : सिंटिलेशन काउंटिंगसाठी ऊतीचा नमुना

आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत : यकृताच्या तुकड्यातलं ट्रिटियम मोजायचं कसं?

समजा, नवं औषध शरीरात कुठे पोचतं हे पाहायचंय. औषधाच्या रेणूत ट्रिटियम बसवून ते उंदराला दिलं, नंतर त्याचं रक्त आणि यकृत घेतलं. आता तो तुकडा तसाच यंत्रापुढे धरला तर? काहीही दिसणार नाही. ट्रिटियमच्या बीटा कणाची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. पाण्यात तो फार तर ६ मायक्रोमीटर जातो. ज्या पेशीत सुटला, बहुधा तिथेच संपतो.

म्हणून आपण उलटं करतो. ऊतीच विरघळवतो आणि कॉकटेलमध्ये मिसळतो. कॉकटेल म्हणजे द्रावक आणि त्यात विरघळलेला चमकणारा पदार्थ. कणाची ऊर्जा द्रावकाकडून त्या पदार्थाकडे जाते आणि निळसर प्रकाश पडतो. तो दोन प्रकाशनळ्यांना एकाच क्षणी दिसला, की एक नोंद होते.

आता कृती. साधारण १०० मिलिग्रॅम यकृत काचेच्या व्हायलमध्ये घ्यायचं. त्यावर १ मिलिलिटर ऊती-विरघळक, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम हायड्रॉक्साइड, घालायचं. हा तीव्र अल्क आहे, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. झाकण घट्ट लावून ५० ते ६० अंश सेल्सियसला ठेवायचं, तुकडा दिसेनासा होईपर्यंत.

पण द्रव पिवळा-तपकिरी होतो, आणि खरी गोम इथेच आहे. हा रंग नेमका निळा प्रकाश गिळतो. यालाच रंग-क्वेंचिंग म्हणतात. बघा, रक्तद्रव आणि यकृत दोन्ही नमुन्यांत मिनिटाला १०,००० विघटनं होताहेत. स्वच्छ नमुन्याची कार्यक्षमता ४० टक्के असेल तर नोंदी ४,०००, पिवळ्याची २० टक्के असेल तर २,०००. आपण लिहून मोकळे : 'यकृतात औषध निम्मंच पोचतं.' साफ चूक!

म्हणून नमुना थंड करून ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घालायचं. फेस येतो, घाई नको. फेस बसला की उरलेलं पेरॉक्साइड घालवायला पुन्हा गरम करायचं. थंड झाल्यावर १० मिलिलिटर कॉकटेल. मिश्रण नितळ हवं. गढूळ दिसलं किंवा थर पडले तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

लगेच मोजायचंही नाही. अल्क आणि पेरॉक्साइड यांच्या अवशेषांमुळे किरणोत्सर्गाशिवायही प्रकाश निघतो, म्हणजे खोट्या नोंदी वाढतात. थोडं आम्ल घालून अल्क उदासीन करायचा आणि व्हायल काही तास अंधारात ठेवायची.

शेवटी कार्यक्षमता तपासायची. मोजलेल्या व्हायलमध्ये मिनिटाला ५०,००० विघटनांचं ट्रिटियम घाला. नोंदी १५,००० ने वाढल्या, तर कार्यक्षमता ३० टक्के. औषध न दिलेल्या उंदराचं यकृतही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्याच्या नोंदी आधी वजा करा, मग कार्यक्षमतेने भागा. रक्त आणि यकृत यांची तुलना करायची ती या भागाकारानंतर.