चिपच्या गालावरची तीट

सौरदिव्याचा खांब आता गावोगाव दिसतो. आमचं केम कुंकवाचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथंही दिसतो. वर निळसर काळं पॅनेल, खाली दिवा, आणि कुठंतरी आडोशाला एक घट्ट बंद डबी. एकाच वाळूची ही दोन लेकरं. पॅनेलमध्ये सिलिकॉन, डबीतल्या चिपमध्येही सिलिकॉन. एकाला आपण मुद्दाम उन्हात धरतो आणि दुसऱ्याला उन्हापासून लपवतो. मी कवी माणूस, सूत्रं मांडणार नाही. पण या लपवाछपवीत शेतकऱ्याचे, गावाचे पैसे अडकलेले असतात, म्हणून ती समजून घ्यावी.

सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातले काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वीज वाहू शकते. पॅनेलकडून आपल्याला हेच हवं असतं. चिपमध्ये मात्र लाखो बारीक नळ असतात, काही उघडे, काही बंद. प्रकाश शिरला की बंद नळही ठिबकू लागतात. आकडा चुकतो, यंत्र अडकतं किंवा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतं.

हे दुखणं जुनं आहे. 1950च्या दशकात मुलार्ड कंपनीचा ओसी 71 नावाचा ट्रान्झिस्टर काचेच्या नळीत येई आणि त्या काचेला काळा रंग दिलेला असे. हौशी लोकांनी तो रंग खरवडला, तर आतला ट्रान्झिस्टर प्रकाश ओळखू लागला! पुढं कॉम्प्युटरमध्ये ईप्रॉम नावाची चिप आली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. लिहिलेलं पुसायचं तर त्या खिडकीतून अतिनील किरण सोडायचे. एरवी खिडकीवर चिकटपट्टी हवीच, कारण उघडी राहिली तर थेट उन्हात सुमारे आठवड्याभरात सगळं पुसलं जाई. 2015 साली तर गंमतच झाली. रास्पबेरी पाय 2 हा छोटा कॉम्प्युटर नवा आला होता. कोणी झेनॉन फ्लॅशनं त्याचा फोटो काढला की तो बंद पडे. त्यातल्या वीज सांभाळणाऱ्या एका चिपला आवरणच नव्हतं, सिलिकॉन उघडं होतं.

स्वस्त खेळणं किंवा कॅल्क्युलेटर उघडलंत, तर आत काळा टणक गोळा दिसतो. तो डाग नव्हे, त्याच्या पोटात चिप आहे. तो एपॉक्सीचा थेंब तिला धक्क्यापासून, दमटपणापासून वाचवतो, आणि काळा असल्यानं प्रकाशापासूनही. बाळाला नजर लागू नये म्हणून तुमच्या घरी तीट लावतात, आमच्याही घरी लावतात. चिपची तीट ही अशी.

मग काळजी कशाला? कारण काही चिपना झाकताच येत नाही. हवेचा दाब मोजणाऱ्या चिपला हवेसाठी भोक ठेवावंच लागतं, आणि त्यातून प्रकाशही आत जातो. बॉश कंपनीच्या अशा एका चिपच्या माहितीपत्रकातच इशारा आहे, की प्रकाशानं मोजमाप बिघडतं. मला बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चुकीचं सांगणाऱ्या यंत्राची भीती जास्त वाटते. बंद पडलेलं निदान कळतं तरी. महाराष्ट्रात 2017 पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. डाळिंबासारख्या फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्यात भरपाई ठरते, तीही केंद्रांवर नोंदलेल्या आकड्यांवरून. अशा ठिकाणी लहानशी चूकही शेतकऱ्याच्या पदरात पडते.

उपाय अवघड नाहीत. उघड्यावरच्या यंत्राचं झाकण फुटलं तर पारदर्शक डब्याचं झाकण बसवू नये. झाकण अपारदर्शकच हवं, बाहेरून पांढरं असेल तर तापतंही कमी. नुसतं गडद प्लास्टिक पाहून फसू नका. टीव्हीवर रिमोटचा प्रकाश घेणारी ती काळपट लाल खिडकी आठवा. आपल्याला ती अंधारी दिसते, पण अवरक्त प्रकाश तिच्यातून आरपार जातो, आणि सिलिकॉनला तोही जाणवतो. हवेची भोकं खालच्या बाजूला किंवा झडपांच्या आडोशाला ठेवावीत. सर्किटवर ओल लागू नये म्हणून लावतात तो पारदर्शक लेप प्रकाश अडवत नाही. उघड्या चिपवर वीज न वाहणारं काळं एपॉक्सीच टाकावं. चकचकीत ॲल्युमिनियमची चांदी चिकटवाल, तर शॉर्टसर्किट होईल.

यंत्र भरदुपारी बिघडतं आणि संध्याकाळी शहाणं होतं, तेव्हा बहुतेक जण उष्णतेला दोष देतात. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण एक सोपी परीक्षा आहे. तापलेल्या डबीवर जाड काळं कापड टाका. यंत्र त्याच क्षणी सुधारलं, तर संशय प्रकाशावर घ्या, कारण डबी इतक्या लवकर थंड होत नाही. रात्री गार डबीवर झगझगीत बॅटरी मारून खात्री करता येते.

मात्र झाकण्याच्या उत्साहात एक जागा सोडा. काही रस्त्यांवरच्या दिव्यांना दिवस-रात्र ओळखणारा छोटा डोळा असतो. त्यावर काळी पट्टी चिकटवलीत, तर दिवा भर बारा वाजता जळत राहील.